'हिस्पॅनिक' हा रकाना आला कुठून?

डेटासेट उघडला की आपण कॉलमची नावं मुकाट्याने मान्य करतो. वय, लिंग, वजन, वांशिकता. अमेरिकेचा आरोग्यविषयक डेटा वापरत असाल तर 'हिस्पॅनिक ऑर लॅटिनो' हा रकाना हमखास भेटणार. तो कसा तयार झाला, हे समाजशास्त्रज्ञ जी. क्रिस्टिना मोरा यांच्या 'मेकिंग हिस्पॅनिक्स' (2014) मध्ये वाचायला मिळतं. सायन्सवाल्यांनी तर वाचाच.

1960 च्या दशकात न्यूयॉर्कमधले प्वेर्तो रिकन, नैर्ऋत्येकडचे मेक्सिकन-अमेरिकन आणि मायामीतले क्यूबन स्वतःला एक समाज समजत नव्हते. मागण्याही वेगवेगळ्या. मोरा दाखवतात की सरकारी अधिकारी, कार्यकर्त्यांच्या संघटना आणि स्पॅनिश टीव्हीवाले या तिघांनी मिळून सामायिक नाव रुजवलं. संघटनांना निधी मागायला मोठा आकडा हवा होता, वाहिन्यांना जाहिरातदारांपुढे ठेवायला देशभरचा प्रेक्षक. 1970 च्या जनगणनेत हा प्रश्न फक्त 5 टक्के नमुन्याला विचारला होता. त्यातला 'सेंट्रल ऑर साउथ अमेरिकन' हा पर्याय वाचून अमेरिकेच्याच मध्य आणि दक्षिण भागातल्या बऱ्याच लोकांनी त्यावर खूण केली! (प्रश्नावली बनवताय? हे लक्षात असू द्या.) 1980 पासून प्रश्न सगळ्यांना गेला.

पुस्तकातला सगळ्यात जोरकस मुद्दा हा की नाव टिकलं, कारण त्याची व्याख्या कुणी घट्ट केलीच नाही. कधी भाषा, कधी संस्कृती, कधी मूळ देश. हे पटतं. पण राजकारणात जी सोय, तीच मोजमापात डोकेदुखी, आणि तिथवर मोरा येत नाहीत. हा रकाना संशोधकांच्या हाती पडल्यावर काय होतं, ते आपल्यालाच शोधावं लागतं.

ब्राझिलियन लोकांचं बघा. ते पोर्तुगीज बोलतात, सरकारी व्याख्येत हिस्पॅनिक नाहीत. कुणी तशी खूण केली तर जनगणना खातं सहसा ते उत्तर नंतर बदलतं. 2020 च्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेत ही पायरी चुकून राहिली. प्यू रिसर्च सेंटरने आकडे काढले: हिस्पॅनिक म्हणून नोंदलेले ब्राझिलियन 2019 मध्ये 14 हजार, 2020 मध्ये किमान 4 लाख 16 हजार, 2021 मध्ये पुन्हा 16 हजार. माणसं तीच. म्हणजे एरवी त्यांचं स्वतःचं उत्तर आपल्यापर्यंत पोचतच नाही.

दम्याचंही तसंच. अमेरिकेत प्वेर्तो रिकन लोकांत दम्याचं प्रमाण खूप जास्त, मेक्सिकन वंशाच्या लोकांत बरंच कमी. दोघांना एकत्र करून काढलेली सरासरी कुणालाच लागू पडत नाही. तरी रिग्रेशनमध्ये 'हिस्पॅनिक: हो/नाही' टाकून चर्चेत 'सांस्कृतिक घटक' म्हणून मोकळे होणारे पेपर येतच असतात. मला हा सरळ आळस वाटतो, कारण दुसरी वाट उपलब्ध आहे: एचसीएचएस/एसओएल या अभ्यासात चार शहरांतल्या 16 हजारांहून अधिक लोकांची माहिती मूळ देशानुसार वेगळी ठेवलेली आहे.

मार्च 2024 मध्ये अमेरिकन सरकारने नियम पुन्हा बदलले. वंश आणि हिस्पॅनिक हे दोन वेगळे प्रश्न आता एकाच प्रश्नात. जुनी आणि नवी आकडेवारी एकाच आलेखावर काढणार असाल तर ही रेघ कुठे पडते, ते गाइडला दाखवायच्या आधी तपासा.