मावशींना कोण शिकवणार?

भाईंदर स्टेशनहून तारोडीला येताना बसमध्ये वाचायला चांगला वेळ मिळतो. या आठवड्यात त्या वेळात मी दोन गोष्टी पुन्हा वाचल्या. एक, इंग्लंड आणि वेल्समधल्या शिक्षक-सहाय्यकांवरचं पुस्तक. दुसरी, आपल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधला परिच्छेद १.७. दोन्ही शेजारी ठेवले की धोरणात एक जागा रिकामी दिसते. ती तुम्हाला दाखवायची आहे.

आधी पुस्तक. पीटर ब्लॅचफर्ड, अँथनी रसेल आणि रॉब वेब्स्टर यांचं हे २०१२ सालचं पुस्तक २००३ ते २००९ या काळात झालेल्या मोठ्या अभ्यासावर उभं आहे. सुमारे ८,२०० मुलांची प्रगती तपासली, तेव्हा उलटंच निघालं. ज्या मुलांना सहाय्यकांची मदत जास्त मिळाली, त्यांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी होती. ‘ती मुलं मुळातच मागे असणार’ असं तुम्ही म्हणाल. पण मुलांची आधीची पातळी, विशेष गरजा, घरची परिस्थिती हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरला.

एवढंच वाचलं तर वाटेल, सहाय्यक नकोतच. लेखक तसं म्हणत नाहीत. दोष माणसांचा नाही, त्यांना कसं वापरलं त्याचा आहे, असं ते दाखवतात. बहुतेक शिक्षकांना सहाय्यकांशी बसून बोलायला ठरलेला वेळच नव्हता. आज काय शिकवायचंय, हे सहाय्यकाला वर्गात आल्यावर कळायचं. मग साहजिकच लक्ष मुलाचं काम पूर्ण करून घेण्यावर जायचं, त्याला समजलं का यावर नाही. शिवाय सहाय्यक शेजारी बसला की त्या मुलाचा शिक्षकांशी संबंध कमी व्हायचा.

माझी या पुस्तकाबद्दल एक तक्रार आहे. तयारी नसणं हेच कमी प्रगतीचं कारण, हे त्यांचं स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे, पण या अभ्यासातून ते थेट सिद्ध होत नाही. तयारी देऊन पाहिली तर काय होतं, हे वेगळं तपासावं लागतं. नंतरच्या प्रयोगांत तसं तपासलं गेलं. नेमकं प्रशिक्षण घेतलेल्या सहाय्यकांनी लहान गटांबरोबर ठरवून काम केलं, तेव्हा मुलांना फायदा झालेला दिसतो.

आता आपल्याकडे या. आपल्या अंगणवाडीत सेविकेबरोबर मदतनीस असते. मुलं तिला मावशी म्हणतात. कागदावर तिची कामं अशी: मुलांना घरून आणणं, आहार शिजवणं आणि वाढणं, पाणी भरणं, झाडलोट, मुलांची स्वच्छता. शिकवणं त्यात नाही. प्रत्यक्षात सेविका नोंदी भरत असते, गृहभेटीला जाते, तेव्हा वर्ग मावशींकडेच असतो.

एका अंगणवाडीत मी पाहिलं. ताटल्या वाढताना मावशी म्हणाल्या, ‘एक कमी पडली. कोण राहिलं सांगा?’ मुलांनी एकमेकांकडे बोट करत मोजलं आणि राहिलेलं मूल शोधलं. वस्तू आणि माणसं यांची जोडी लावणं हे गणिताचं पहिलं पाऊल, आणि ते त्यांनी सहज करून घेतलं. अर्ध्या तासाने त्याच मावशींनी एका मुलाच्या हातातून खडू घेऊन त्याचं पान स्वतःच रंगवून टाकलं. पान आज पूर्ण व्हायला हवं होतं. पहिली गोष्ट चांगली का आणि दुसरीने काय बिघडलं, हे त्यांच्याशी कुणी कधी बोललंच नाही.

धोरणाचा परिच्छेद १.७ इथेच अपुरा पडतो. बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका, दर महिन्याला किमान एक प्रत्यक्ष वर्ग: सेविकेसाठी हे ठीकच आहे. पण मदतनिसाचं नाव त्यात नाही. दुसरीकडे, २०२२ च्या ‘सक्षम अंगणवाडी’ मार्गदर्शक सूचना सांगतात की सेविकांच्या निम्म्या जागा पाच वर्षं काम केलेल्या मदतनिसांमधून भराव्यात. म्हणजे आजच्या मावशी उद्याच्या ताई, पण मधल्या पाच वर्षांत त्यांनी काय शिकावं, हे धोरण सांगत नाही.

हे जास्त खटकतं, कारण ‘अंगणवाडी’ची कल्पना याच भागातली. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. पुढे कोसबाडला अनुताई वाघांसोबत ते वाढलं. मूल बालवाडीपर्यंत येत नसेल, तर बालवाडी त्याच्या अंगणात न्यायची. तिथे मुलाला आंघोळ घालणं आणि त्याला शिकवणं ही दोन वेगळ्या माणसांची कामं नव्हती. १९७५ च्या सरकारी योजनेने नाव घेतलं, आणि कामाची वाटणी मात्र केली.

माझं म्हणणं फार मोठं नाही. मदतनिसाला त्याच मासिक वर्गात बसवा. रोज मुलं गेल्यावर ताई आणि मावशींना पंधरा मिनिटं एकत्र बोलायला द्या, आणि ती कामाच्या वेळात धरा. त्याचं मानधन द्या. नाहीतर प्रशिक्षणाच्या नावाखाली आणखी एक फुकटचं काम त्यांच्या गळ्यात पडेल.

तुमच्या घरातलं कुणी अंगणवाडीत जात असेल, तर ‘आज काय खाल्लं?’ याबरोबर ‘आज मावशींनी काय विचारलं?’ हेही विचारून बघा. उत्तर मिळालं, तर ते मावशींनाही जाऊन सांगा.