शेजार की सजावट? : 'ॲनिमल क्रॉसिंग'चा नवा भाग

आजचा प्रश्न एका ओळीत सांगता येतो. 'ॲनिमल क्रॉसिंग' या जपानी खेळमालिकेतला 'न्यू होरायझन्स' हा भाग आधीच्या भागांपेक्षा सरस आहे का? आमचं उत्तर आधीच सांगून टाकतो : बांधकाम म्हणून सरस आहे, शेजार म्हणून नाही. आता हे 'शेजार' प्रकरण काय, ते बघू.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपण प्राण्यांच्या एका गावात राहायला जातो. मासे पकडायचे, फुलं लावायची, गप्पा मारायच्या, टॉम नूक नावाच्या व्यापाऱ्याचं घरासाठीचं कर्ज फेडायचं. कर्जाला व्याज नाही, मुदत नाही. असा सावकार शोधून सापडणार नाही! खेळातलं घड्याळ आपल्या घड्याळाबरोबर चालतं. इथे रात्र झाली की तिथेही रात्र. जिंकणं-हरणं नाहीच.

पहिला भाग जपानात एप्रिल २००१ मध्ये निन्टेन्डो ६४ वर आला. त्यामागची कल्पना कात्सुया एगुची यांची. १९८६ मध्ये ते नोकरीसाठी चिबा सोडून क्योटोला आले. घरची माणसं, मित्र मागे राहिले. ते तुटलेपण या खेळाचं बीज आहे. गाव सोडून पुण्या-मुंबईत खोली घेऊन राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आणि बीज हे असेल, तर प्रत्येक नव्या भागाला लावायची मोजपट्टीही तीच : इथे माणसं जोडली जातात का?

'न्यू होरायझन्स' २० मार्च २०२० ला आला. जग नुकतंच दाराआड बसलं होतं. लोकांनी त्यात वाढदिवस केले, लग्नं लावली. आजवर त्याच्या ४ कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत. हा काही नुसता योगायोग नव्हे; खेळात खरोखरच दम आहे. सामान आता घराबाहेर मांडता येतं. नदी वळवता येते, टेकडी उभी करता येते. त्वचेचा रंग आपला आपण निवडता येतो, जे फार आधीच व्हायला हवं होतं. वस्तुसंग्रहालय तर असं, की नुसतं हिंडत बसावं. कुरकुरी आहेत : अवजारं सारखी मोडतात, सोन्याचंही मोडतं. पण या बारीक गोष्टी झाल्या.

मोठी गोष्ट पुढेच आहे. त्याआधीच्या 'न्यू लीफ' या २०१२ च्या भागात आपण गावचे महापौर होतो. पण महापौर असूनही शेजारी घर कुठे बांधेल हे आपल्या हाती नव्हतं. महिनाभर जपलेल्या गुलाबाच्या ताटव्यावर एखादा बेडूक खुशाल घर थाटायचा. एखाद्याला गाव सोडावंसं वाटलं तर 'थांब रे' म्हणून थोपवता यायचं. पण आपण बरेच दिवस फिरकलोच नाही, तर तो निघून गेलेला असायचा. पत्र तेवढं हाती पडायचं. सुरुवातीच्या भागांत तर शेजारी तोंडावर टोमणे मारायचे. खेळ जतन न करता बंद केला, की रिसेटी नावाची चिचुंदरी जमिनीतून वर येऊन यथेच्छ झापायची.

नव्या भागात हे सगळं मिटलं. घराची जागा आपण ठरवतो. आपण परवानगी दिल्याशिवाय कुणी बेट सोडत नाही. खेळ आपोआप जतन होतो, त्यामुळे रिसेटीचं ते कामच गेलं. शेजारी गोड बोलतात, आणि थोड्याच दिवसांत तेच ते गोड बोलतात. मग आपल्या नकळत आपण त्यांना कसे निवडू लागतो, बघा : याचा रंग त्या कुंपणाशी जुळतो, हा नको, तो आणू. म्हणजे शेजारी म्हणून आलेला प्राणी हळूहळू बागेतल्या दिव्यासारखा होतो.

यावर कुणी म्हणेल, 'दिवसभराच्या कटकटीनंतर खेळात तरी टोमणे कशाला?' आक्षेप रास्त आहे. २०२० साली तर फारच रास्त होता. त्या वर्षी ज्यांना दुसरं काहीच हातात ठेवता येत नव्हतं, त्यांना एक बेट हातात ठेवता आलं, हे थोडं नाही. शिवाय नोव्हेंबर २०२१ च्या मोठ्या भरीने कॉफीचं दुकान परत आलं, शेजारी आपल्या दारी येऊ लागले. उणीव निर्मात्यांनाही जाणवली असावी, असं आम्हांला वाटतं.

पण मूळ मुद्दा राहतोच. जो जाऊ शकत नाही, त्याच्या राहण्याला किंमत काय? 'न्यू लीफ'मधला शेजारी आपण अडवल्यावर थांबला, तर त्यात आपल्याला काहीतरी मिळाल्यासारखं वाटायचं, कारण तो गेला असता. शेजार म्हणजे आपल्या मर्जीबाहेरचं माणूस भिंतीपलीकडे असणं. ते कधी वाटीभर साखर मागेल, कधी भांडेल, कधी बोऱ्याबिस्तर बांधून जाईल. ते सगळं काढून टाकलं, की उरतं ते देखणं बेट आणि त्यावर आपण एकटे.

म्हणून पुढचा भाग येईल तेव्हा आम्ही टेकड्या-नद्या मोजणार नाही. एखादा बेडूक आमच्या ताटव्यावर पुन्हा घर बांधतो का, एवढंच पाहू. बांधलं, तर मालिका सुधारली असं खुशाल म्हणू.