बाटलीतले वादळ आणि खामगावची वीज

प्लॅस्टिकच्या दोन बाटल्या तोंडाला तोंड लावून जोडायच्या, वरच्या बाटलीत पाणी ठेवून ती गरगर फिरवायची, की मधोमध नरसाळ्यासारखा भोवरा दिसतो. ‘टॉर्नेडो कसा तयार होतो’ या नावाने हा प्रयोग विज्ञान प्रदर्शनांत हमखास असतो. खामगावच्या एका शाळेत तो पाहिला. मुलांचे हात सफाईने चालत होते. पण आकाशात हे ढवळणारा हात कोणाचा, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. प्रयोगाची उणीव नेमकी तेथेच आहे.

बाटलीत पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली पडते. टॉर्नेडोत हवा वर चढते. जमिनीलगतचा वारा आणि उंचावरचा वारा यांचे वेग व दिशा वेगळ्या असल्या, की मधली हवा लाटण्यासारखी आडवी फिरू लागते. गडगडाटी ढगात वर चढणारा जोरदार झोत या फिरकीला उभी करतो, ताणून बारीक करतो, आणि तिचा वेग वाढतो. फिरत्या स्टुलावर बसून पसरलेले हात छातीशी घ्यावेत. निदान वेग का वाढतो हे तरी बाटलीपेक्षा चांगले कळते. फिरकी जमिनीपर्यंत नेमकी कशी पोचते, याचा शास्त्रज्ञांनाही अजून पुरता उलगडा झालेला नाही. हे मुलांना अवश्य सांगावे.

शेजारच्या तक्त्यावर ‘वावटळ म्हणजे छोटा टॉर्नेडो’ असे लिहिले होते. तेही चूक. एप्रिल-मेच्या भर दुपारी काळ्या, उघड्या रानात उठणारी वावटळ तापलेल्या जमिनीतून जन्मते. तिला ढग लागत नाही.

टॉर्नेडो आपल्याकडे येतच नाहीत असे नाही. १७ मार्च १९७८ रोजी दिल्लीत एक आला होता. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशात आलेल्या टॉर्नेडोने सुमारे १३०० बळी घेतले. तरी खामगावच्या मुलाची खरी गाठ पडते ती वळवाच्या वादळाशी, उडणाऱ्या टिनपत्र्यांशी आणि विजेशी. भारतात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे दगावतात.

म्हणूनच तक्त्यावरच्या सूचना मला सर्वांत खटकल्या. ‘तळघरात जा.’ येथे तळघर किती घरांना आहे? ‘उघड्यावर असाल तर खोलगट जागी आडवे पडा.’ अमेरिकेतील टॉर्नेडोसाठी हा सल्ला ठीक आहे. पण वीज जवळ पडली तर तिचा प्रवाह जमिनीतून पसरतो, आणि आडव्या शरीराचा जमिनीशी संपर्क जास्त. कापूस वेचणाऱ्या आईसोबत शेतात असलेल्या मुलाने हा तक्ता पाठ केला, तर तो नेमके नको ते करील. त्याला सांगायचे ते हे: झाड आणि उघडी टिनाची शेड टाळ, पक्के घर किंवा बंद मोटार गाठ, घरात असशील तर खिडकीपासून दूर, आतल्या खोलीत बस.

प्रयोगच हवा असेल तर वर्गात बसून करता येईल असा एक आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत व तीनने भागावेत. अंतर किलोमीटरमध्ये मिळते. उत्तर दहाच्या आत आले तर कोणी मैदानात जाऊ नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास मुलांना आतच ठेवावे, मग शाळा सुटायची वेळ झालेली असली तरी.