१९८४च्या यादीत न बसलेला जानेवारी

‘१९८४मध्ये काय काय घडलं’ असा एखादा व्हिडिओ तुमच्याही फोनवर कधीतरी येऊन गेला असेल. साठ सेकंद, मागे सिंथेसायझर आणि एकामागून एक चित्रं. राकेश शर्मा अंतराळात. बचेंद्री पाल एव्हरेस्टवर. लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकतं. सुवर्ण मंदिरात लष्कर शिरतं, ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या होते, दिल्लीत शिखांची कत्तल होते, २ डिसेंबरच्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायू सुटतो. बनवणारा जरा जाणकार असेल तर इथिओपियाचा दुष्काळ आणि ब्रिटनमधल्या खाणकामगारांचा संपही येऊन जातो. आणि सुरुवातीला हमखास ॲपलची ती जाहिरात: धावत आलेली एक बाई भल्यामोठ्या पडद्यावर हातोडा भिरकावते आणि पडदा फुटतो. अमेरिकेत ती २२ जानेवारीला गाजली, दोन दिवसांनी मॅकिंटॉश बाजारात आला. ऑर्वेलनं १९४९मध्ये छापलेल्या कादंबरीतलं साल अखेर उजाडलं होतं, त्यामुळे हातोडाही अगदी मुहूर्तावर पडला.

ही यादी उथळ आहे अशी माझी तक्रार नाही. साठ सेकंदांत कोण किती खोल जाणार? तक्रार अशी आहे, की हे वर्ष कुठे उभं राहून बघायचं ते यादी न सांगताच ठरवून टाकते.

मी पळस्प्यात राहतो. मुंबईकडून आलं की आमच्या फाट्याशी रस्ते फुटतात. एक घाटाकडे, पुण्याला. एक पेणवरून गोव्याला. आणि एक उरणच्या अंगाला, न्हावा-शेवा बंदराकडे. कंटेनरचे ट्रेलर रात्रंदिवस जातात तो. त्या उरणच्या अंगाला जासई आहे. ॲपलच्या जाहिरातीआधी सहा दिवस, १६ जानेवारी १९८४ला, जासईजवळ जमिनीसाठी उभ्या राहिलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. दुसऱ्या दिवशी, १७ला, पुन्हा केला. दोन दिवसांत पाच जण गेले: नामदेव शंकर घरत, रघुनाथ अर्जुन ठाकूर, केशव महादेव पाटील, महादेव हिरा पाटील, कमलाकर कृष्णा तांडेल. दरवर्षी या दोन तारखांना तिथे लोक जमतात, हुतात्म्यांना मानवंदना होते. आमच्याकडे ही आठवण दिनदर्शिकेसारखी वापरली जाते. माझी आजी कुणाचं लग्न, कुणाचा जन्म सांगताना आकडा सांगायची नाही. ‘जासईला गोळी चालली त्या साली,’ एवढं म्हणायची, आणि ऐकणाऱ्याला साल कळायचं.

मागची गोष्ट थोडक्यात. १९७०मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली ९५ गावं नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी यांवर जगणारे आगरी-कोळी एका कागदानं ‘प्रकल्पग्रस्त’ झाले. (हा शब्द आता इतका सवयीचा झालाय, की त्यात ‘ग्रस्त’ आहे हे ऐकूच येत नाही.) पुढे बंदराचीही जमीन आली. जासईचेच दि. बा. पाटील, शेतकरी कामगार पक्षाचे, या लढ्याचे नेते. मागणी साधी होती: जमिनीला न्याय्य भाव द्या, आणि आमच्या जमिनीवर जे शहर उभं राहील त्यात आम्हालाही वाटा द्या. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची जी योजना पुढे आली, तिचं मूळ इथलं.

आता मूळ प्रश्न. भोपाळ, दिल्ली, अमृतसर यांच्या शेजारी पाच मृत्यू ठेवले तर ते छोटे दिसणारच. यादी बनवणाऱ्याला मी त्याबद्दल दोष देत नाही. पण १९८४कडे नीट पाहिलं तर जासई आणि भोपाळ हे एकाच वर्षाचे दोन काठ वाटतात. दोन्हीकडे एक मोठा प्रकल्प, त्याच्या सावलीत राहणारी गरीब माणसं, आणि शेवटी उरलेला एकच शब्द: भरपाई. जानेवारीत जमिनीची, डिसेंबरात फुप्फुसांची. १९८९च्या फेब्रुवारीत भोपाळचा हिशेब ४७ कोटी डॉलरवर मिटवला गेला. त्याच वर्षी मे महिन्यात न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं. छोटं-मोठं ठरवणारी फूटपट्टी बाजूला ठेवली, तरच हा धागा हाताला लागतो.

मग त्या वर्षीच्या कलाकृतींनी काय पाहिलं? इथे मला गोविंद निहलानींच्या ‘पार्टी’बद्दल बोलायचंय. सिनेमा १९८४चा, हिंदीत, एनएफडीसीच्या पैशांतून झालेला. पण त्याचं हाड मराठी आहे: महेश एलकुंचवारांचं त्याच नावाचं नाटक, १९७६चं, म्हणजे आणीबाणीतलं. बघितला नसेल तर बघाच. जवळजवळ सगळा सिनेमा एका रात्री, एका बंगल्यात घडतो. दमयंती राणे (विजया मेहता) या श्रीमंत कलाप्रेमी बाईंनी नाटककार दिवाकर बर्वे (मनोहर सिंग) यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला म्हणून पार्टी ठेवली आहे. कवी, नट, समीक्षक, पत्रकार, होतकरू लेखक, सगळे आलेत. आला नाही तो अमृत. तो मोठा कवी आहे, आणि लिहिणं सोडून आदिवासींमध्ये काम करायला निघून गेलाय. रात्रभर सगळे बोलतात ते त्याच्याबद्दल. कुणाला त्याचा हेवा वाटतो, कुणाला तो ढोंगी वाटतो, कुणाला आपल्या पेल्यातली दारू अचानक कडू लागते.

पार्टीतली माणसं दाखवताना हा सिनेमा निर्दय आहे आणि अचूक आहे. रोहिणी हट्टंगडींची मोहिनी, बर्व्यांच्या सोबतीनं राहून आतून संपत गेलेली नटी, यासाठी मी तो तीनदा पाहिलाय. त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच होता. यशस्वी लेखकाला आपलं यश पोकळ आहे हे कळतं आणि तरीही तो हार घालून घेतो, हे मनोहर सिंग फक्त खांद्यांतून दाखवतात. कुठल्याही साहित्यिक कार्यक्रमानंतरच्या चहापानाला तुम्ही कोपऱ्यात उभे राहिला असाल, तर ही सगळी मंडळी तुम्ही ओळखता. आज हातात ग्लासाऐवजी फोन असतो एवढंच.

पण अमृत? तो ज्यांच्यासाठी गेलाय ते आदिवासी? पत्रकार अविनाश (ओम पुरी) त्यांच्याबद्दल बोलतो, इतर वाद घालतात, आणि त्या लोकांपैकी एकाचाही चेहरा आपल्या लक्षात राहील असा समोर येत नाही. त्यांचा लढा म्हणजे बंगल्यातल्या माणसांची परीक्षा घेणारा पेपर. अमृत मारला गेल्याची बातमी येते, आणि अगदी शेवटी नसीरुद्दीन शाहचा रक्तबंबाळ चेहरा काही क्षण दिसतो. तो बोलू शकत नाही. निहलानींच्याच ‘आक्रोश’मध्ये (१९८०, पटकथा विजय तेंडुलकरांची) लहान्या भिकू सिनेमाभर गप्प असतो आणि शेवटी फक्त किंचाळतो. चार वर्षांच्या अंतरानं आलेले दोन सिनेमे, दोन्हींत पीडिताच्या बाजूला शब्द नाहीत. शब्द वकिलाकडे, पत्रकाराकडे, कवीकडे.

त्याच वर्षीचा ‘सारांश’ घ्या. मुलगा न्यूयॉर्कला मारला जातो, आणि त्याच्या अस्थी शिवाजी पार्कच्या निवृत्त मास्तरांपर्यंत पोचताना कस्टममध्ये अडकतात. तिथेही मरण बाहेर घडतं आणि मुंबईच्या घरात त्याची बातमी येते. फरक इतकाच, की प्रधान मास्तर मग चप्पल घालून घराबाहेर पडतात आणि गल्लीतल्या पुढाऱ्याशी भिडतात. ‘पार्टी’तलं कुणी दाराबाहेर पाऊल टाकत नाही.

‘पार्टी’च्या बाजूनं एक भक्कम मुद्दा आहे, आणि तो मी टाळणार नाही. निहलानींनी कॅमेरा आदिवासी पाड्यावर नेला असता, तर ती सहल झाली असती. बंगल्यातल्यांना बाहेरचं दिसत नाही, म्हणून प्रेक्षकालाही दाखवायचं नाही, हा शिस्तीचा निर्णय आहे. मान्य. पण या शिस्तीची एक किंमत आहे. पार्टीतल्या लोकांना जे वाटतं तेच सिनेमालाही वाटू लागतं: बाहेर जे चाललंय त्याला अर्थ येतो तो आपल्यातला एक जण तिथे गेल्यामुळे. अमृत गेला नसता, तर त्या आदिवासींचा विषय त्या रात्री निघालाच नसता.

जासईला कुणी अमृत गेला नव्हता. नेता घरचा होता, गावातच जन्मलेला, वकील, सभागृहात तासन्तास बोलणारा. बायका रस्त्यावर होत्या. आणि ही माणसं मुकी तर मुळीच नव्हती. आगरी माणसाला मुका म्हणून दाखवा, समोरचा आधी हसेल आणि मग दहा मिनिटं तुम्हाला झापेल. जमिनीचा भाव, सातबारा, कलमं, वाटा, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. त्यांच्याकडे नव्हती ती ऐकायला बसलेली खोली. टीव्ही म्हणजे सरकारी दूरदर्शन. ‘पार्टी’तल्या बंगल्यापासून खाडी ओलांडली की हे सगळं होतं, आणि त्या वर्षीच्या आपल्या सर्वांत बुद्धिमान सिनेमाला बाहेरचा माणूस कल्पायचा झाला तेव्हा तो बिनचेहऱ्याचा आणि जीभ नसलेला सुचला. मला हा त्या सिनेमाचा दोष जेवढा वाटतो, तेवढाच तो त्या काळाचा पुरावा वाटतो. म्हणूनच १९८४ समजून घ्यायला मी ऑर्वेलआधी ‘पार्टी’ सुचवीन. ऑर्वेलच्या जगात सत्ता सगळ्यांवर नजर ठेवते. आपल्याकडचा प्रश्न उलटा होता: बघायचं कुणाकडे, हे दिवाणखान्यात ठरत होतं.

तुमच्यातल्या पनवेल-उरणच्या वाचकांना हे जुनं वाटणार नाही. २०२१च्या जूनमध्ये विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून रस्त्यावर मानवी साखळी उभी राहिली, तेव्हा तिच्यात १९८४मध्ये जन्मलेलीही नव्हती अशी पोरं होती. त्यांनी स्वतःच शूट केलं, स्वतःच आवाज दिला, आगरी गाणी लावली. कलाकृती म्हणून त्यातलं बरंचसं ढोबळ आहे. गाड्यांचे ताफे, ड्रोनचे शॉट, नेत्याच्या चेहऱ्यामागे उगवणारा सूर्य. या पोरांमधून एखादी चांगली कादंबरी यायची अजून बाकी आहे, आणि ती आली तर तिच्यात साडेबारा टक्क्यांच्या पैशांनी घराघरांत काय केलं हेही यावं लागेल: बंगले, गाड्या, भावाभावांतले खटले. हुतात्म्यांची गोष्ट त्यापेक्षा सोपी आहे.

त्या वर्षाच्या यादीत आणखी एक ओळ घालता येईल, ती डिसेंबरची. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर लोकसभेची निवडणूक झाली, सहानुभूतीच्या लाटेत काँग्रेसला चारशेहून अधिक जागा मिळाल्या. भलेभले त्यात वाहून गेले. त्या लाटेत मुंबईतल्या गिरणगावानं संपाचे नेते दत्ता सामंत यांना दिल्लीला पाठवलं. आणि कुलाबा मतदारसंघातून, गोळीबाराला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील निवडून आले.