साखळीतला कुत्रा आणि पिंजऱ्यातला लांडगा

कुत्र्यांना वळण लावण्याविषयीच्या पुस्तकांत आणि दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांत एक सल्ला हमखास आढळतो : 'मालक कोण आहे ते कुत्र्याला दाखवून द्या.' साखळी लावून फिरवताना समोर दुसरा कुत्रा दिसला की भुंकत, दात विचकत झेपावणाऱ्या कुत्र्यासाठी तर हा सल्ला रामबाण मानला जातो. असा कुत्रा स्वतःला कळपाचा पुढारी समजू लागला आहे. तेव्हा साखळीला हिसका द्या, त्याला उताणा पाडून दाबून धरा, म्हणजे तो ताळ्यावर येईल, असे हे शास्त्र सांगते. 'शास्त्र' हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण या सल्ल्याला लांडग्यांवरील संशोधनाचा आधार असल्याचे सांगितले जाते. तो आधार कितपत पक्का आहे हे येथे तपासायचे आहे. विषय कुत्र्यांचा असला तरी, निरीक्षणावरून निष्कर्ष कसा काढावा आणि कसा काढू नये, हा प्रश्न विज्ञानाच्या प्रत्येक शिक्षकाचा आहे.

मोकळे कुत्रे, बांधलेले कुत्रे

नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ हे सातपुड्यातले सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवरचे पठार. भिल्ल आणि पावरा समाजाची वस्ती विखुरलेली, घरे आपापल्या शेताजवळ. घर, शेळ्या आणि कोंबड्या राखणारे कुत्रे मोकळेच असतात. यशवंत तलावाच्या काठी थोडा वेळ बसले, तर अशा दोन कुत्र्यांची भेट कशी होते हे सहज पाहता येते. ते एकमेकांकडे नाकासमोर चालत येत नाहीत. वळसा घालून, बाजूने येतात. मध्येच थांबतात, जमीन हुंगतात, नजर दुसरीकडे वळवतात. मग एकमेकांचा मागचा भाग हुंगला जातो. एकाला भेट नको असेल, तर तो शेपूट खाली घालून बाजूला होतो. कधी गुरगुर होते, क्वचित झटापटही होते. पण बहुतेक भेटी एवढ्यावरच संपतात.

त्याच काठावर पर्यटकांची गाडी येऊन थांबते. गाडीतून शहरातला कुत्रा उतरतो, गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला आखूड साखळी. गावातले दोन कुत्रे नेहमीप्रमाणे वळसा घालत चौकशीला येतात. त्याबरोबर पाहुणा मागच्या पायांवर उभा राहून भुंकू लागतो. मालक साखळी आणखी आवळतो आणि ओरडतो. 'घरी हा अगदी गरीब आहे हो,' असेही तो सांगतो, आणि ते बहुधा खरे असते.

साखळीने नेमके काय बदलले? पहिली गोष्ट म्हणजे पळण्याची वाट बंद झाली. भ्यालेल्या प्राण्यापुढे पळणे, थिजून राहणे आणि उलटून धावणे असे मार्ग असतात. त्यातला पहिला काढून घेतला, तर शेवटच्याची शक्यता वाढणारच. दुसरी गोष्ट, वळसा घालून जाणे अशक्य झाले. रस्त्यावर दोन मालक समोरासमोर चालत येतात, त्यामुळे त्यांच्या कुत्र्यांनाही समोरासमोरच यावे लागते. कुत्र्यांच्या रीतीप्रमाणे हे उद्धटपणाचे लक्षण. तिसरी, ताणलेल्या साखळीमुळे मान वर आणि छाती पुढे येते. ही ठेवण समोरच्या कुत्र्याला धमकीसारखी दिसते. चौथी, ज्याला खरोखर भेटायचे आहे त्यालाही जाता येत नाही, आणि अडवणुकीतून आलेले वैफल्यही भुंकण्यातूनच बाहेर पडते. चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथे फिरायला नेलेल्या कुत्र्यांच्या भेटींचे निरीक्षण करून २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात साखळीतल्या कुत्र्यांमध्ये धमकावण्याचे प्रकार मोकळ्या कुत्र्यांच्या तुलनेत सुमारे दुप्पट आढळले. भांडखोर कुत्र्यांनाच मालक साखळी लावत असतील, अशी शंका येथे घेता येते आणि ती रास्त आहे. परंतु एकच कुत्रा अंगणात शांत आणि साखळीत आक्रमक असेल, तर त्या फरकाचे कारण केवळ त्याच्या स्वभावात शोधणे चुकीचे ठरेल.

'अल्फा'ची जन्मकथा

आता लांडग्यांकडे वळू. स्वित्झर्लंडमधील बाझल येथील प्राणिसंग्रहालयात रुडॉल्फ शेंकेल यांनी लांडग्यांचा अभ्यास केला आणि १९४७ साली तो प्रसिद्ध केला. सुमारे १० मीटर रुंद आणि २० मीटर लांब अशा जागेत दहापर्यंत लांडगे ठेवलेले होते. त्यांच्यात सतत चढाओढ चाले, आणि त्यातून एक नर व एक मादी वरचढ ठरत. पुढे अमेरिकेतील जीवशास्त्रज्ञ डेव्हिड मेक यांनी 'द वुल्फ' या १९७० सालच्या ग्रंथात तोवरचे संशोधन एकत्र आणले, आणि लढून पुढारी बनणारा 'अल्फा' लांडगा सर्वतोमुखी झाला.

मेक यांचे मोठेपण पुढच्या भागात आहे. १९८६ पासून तेरा उन्हाळे त्यांनी कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समीअर बेटावर मोकळ्या लांडग्यांचे जवळून निरीक्षण केले. १९९९ साली त्यांनी लिहिले की, निसर्गातला कळप म्हणजे साधारणपणे एक कुटुंब असते : आई, वडील आणि त्यांची एकदोन वर्षांतली पिल्ले. 'पुढारी' हे पुढारी असतात ते पालक म्हणून, कोणाला हरवून नव्हे. मोठी झालेली पिल्ले बंड न करता कळप सोडून जातात आणि स्वतःचे कुटुंब उभारतात. बाझलच्या लांडग्यांना निघून जाण्याची सोयच नव्हती. आपल्या जुन्या ग्रंथातील हा भाग कालबाह्य झाला असल्याने तो छापणे थांबवावे, अशी विनंती मेक प्रकाशकांना करीत राहिले, आणि ते अखेर २०२२ साली थांबले.

दरम्यान कल्पना मात्र केव्हाच बाहेर पडली होती. न्यूयॉर्क राज्यातील न्यू स्केट मठातील साधूंनी १९७८ साली कुत्र्यांच्या संगोपनावर एक पुस्तक लिहिले. ते पुष्कळ खपले. कुत्र्याला उताणा पाडून दाबून धरण्याची युक्ती त्यातूनच लोकप्रिय झाली. २००२ च्या आवृत्तीत साधूंनी ही शिफारस मागे घेतली. पण २००४ ते २०१२ या काळात नॅशनल जिऑग्राफिक वाहिनीवर सीझर मिलान यांचा 'डॉग व्हिस्परर' हा कार्यक्रम चालला आणि 'कळपाचा पुढारी' पुन्हा घरोघरी पोहोचला. कुत्र्याला भरपूर चालवा, स्वतः शांत राहा, हे या कार्यक्रमातील सल्ले चांगले आहेत. आक्षेप आहे तो धाकाच्या युक्त्यांवर आणि त्यांना दिलेल्या लांडग्याच्या आधारावर. धाकाने निपचित पडलेला कुत्रा पडद्यावर 'शांत झालेला' दिसतो. तो शांत झाला की घाबरून थिजला, हे काही मिनिटांच्या चित्रणावरून ठरवता येत नाही.

येथे एक सावधगिरी हवी. 'अल्फा' चुकीचा ठरला, म्हणून कुत्र्यांत उतरंड नसतेच असे काही जण म्हणू लागले आहेत. तेही बरोबर नाही. रोमजवळच्या मोकाट कुत्र्यांवरील, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या इटालियन संशोधनात गटात स्पष्ट उतरंड आढळली. मात्र ती मुख्यतः कोण कोणापुढे नमते यावरून दिसते. रोज मारामारी करून ती टिकवावी लागत नाही. शिवाय ही उतरंड कुत्र्याकुत्र्यांमधली. तिच्यावरून माणसाने कुत्र्याला आपटावे असा निष्कर्ष निघत नाही.

धाक काय शिकवतो?

समजा, समोर दुसरा कुत्रा आला, आपला भुंकला आणि आपण साखळीला जोराचा हिसका दिला. आपल्या मते आपण 'भुंकू नकोस' असे शिकवले. कुत्र्याच्या दृष्टीने क्रम असा : दुसरा कुत्रा दिसला, मग गळा आवळला. पाव्हलॉव्हच्या प्रयोगातील घंटा आणि अन्न यांचा संबंध आपण वर्गात शिकवतो, तोच हा संबंध. फक्त अन्नाच्या जागी वेदना आहे. चार वेळा असे झाले की दुसरा कुत्रा हीच वेदनेची सूचना बनते. याच्या जोडीला आणखी एक शिक्षण चालू असते. आपला कुत्रा भुंकतो आणि समोरचा कुत्रा त्याच्या मालकाबरोबर निघून जातो. तो तसाही जाणारच होता. पण भुंकणाऱ्याला वाटते, आपण भुंकलो म्हणून गेला. उपाय लागू पडला, म्हणजे पुढच्या वेळी तोच!

शिक्षेने गुरगुरणे थांबले, तर धोका वाढतो. गुरगुर ही पूर्वसूचना आहे. सूचना दडपली आणि भीती तशीच राहिली, तर कुत्रा एके दिवशी न गुरगुरता चावतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात, वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या कुत्र्यांच्या मालकांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. कुत्र्याला मारणाऱ्या किंवा लाथ घालणाऱ्या मालकांपैकी ४३ टक्के, आणि त्याला उताणा पाडणाऱ्यांपैकी ३१ टक्के मालकांनी सांगितले की, त्यावर कुत्रा उलटला. हे आकडे मालकांच्या सांगण्यावरचे आणि मुळात त्रासदायक कुत्र्यांविषयीचे आहेत, हे लक्षात ठेवूनही ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. आपल्या देशात तर चाव्याबरोबर रेबीजची भीती येते. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि लगेच लस घेणे, हे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असायला हवे.

पीटर, ससा आणि दुसरा मार्ग

मग उपाय काय? तो शंभर वर्षांपूर्वीच्या एका प्रयोगात सापडतो. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ साली पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. पीटर सशाला विलक्षण भीत असे. त्याला आवडीचा खाऊ देताना पिंजऱ्यातला ससा खोलीत आणला जाई, पण इतक्या अंतरावर, की पीटरचे खाणे थांबू नये. दिवसागणिक ससा थोडा जवळ येत गेला. सशाला न भिणारी मुलेही काही वेळा सोबत असत. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला.

साखळीतल्या कुत्र्यासाठी हीच रीत वापरतात. दुसरा कुत्रा दिसतो, पण आपला कुत्रा अजून भुंकत नाही आणि हातातला खाऊ खातो, असे अंतर शोधायचे. ते पन्नास मीटर असेल, तर पन्नास. साखळी लांब आणि सैल, आणि गळपट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा पट्टा. क्रम महत्त्वाचा : आधी दुसरा कुत्रा दिसला पाहिजे, लगेच खाऊ मिळाला पाहिजे, आणि तो कुत्रा दिसेनासा होताच खाऊ बंद. अशा पुष्कळ भेटींनंतर दुसरा कुत्रा दिसताच आपला कुत्रा मालकाच्या तोंडाकडे पाहू लागतो. मग अंतर थोडे कमी करायचे. तो भुंकला, तर अंतर फार कमी केले असे समजून मागे फिरायचे.

'हे तर भुंकण्याबद्दल बक्षीस देणे झाले,' असा आक्षेप घेतला जातो. येथे बक्षीस कृतीला नाही. बदलायची आहे ती कृतीमागची भीती. शिवाय अंतर बरोबर निवडले, तर भुंकण्याची वेळच येत नाही.

आयात केलेल्या पुस्तकांची उणीव

या सौम्य पद्धतीच्या पुस्तकांवरही एक टीका करायला हवी. ती ज्या देशांत लिहिली गेली, तेथे रस्त्यावर बहुतेक कुत्रे साखळीत असतात. अंतर राखणे दोन्ही मालकांच्या हातात असते. तोरणमाळला काय, पुण्याला काय, समोरचा कुत्रा मोकळा असतो आणि अंतर तोच ठरवतो. पीटरच्या हकिकतीतला एक कमी सांगितला जाणारा भाग येथे उपयोगी पडतो. तो सुधारत असताना आजारी पडला, आणि रुग्णालयातून घरी निघताना एक मोठा कुत्रा अंगावर आला. त्याबरोबर त्याची जुनी भीती परतली आणि प्रयत्न पुन्हा करावे लागले. एक वाईट भेट अनेक आठवड्यांचे काम पुसू शकते. म्हणून आपल्याकडे वेळ आणि वाट निवडणे हाच शिक्षणाचा अर्धा भाग होय. ओळखीच्या, शांत कुत्र्यांपासून सुरुवात करावी. मोकळा कुत्रा जवळ येऊ लागला, तर दगड न उचलता वळून चालू लागावे, किंवा मूठभर खाऊ त्याच्या बाजूला टाकून वेळ मिळवावा. भांडण जुंपलेच, तर मध्ये हात घालू नये.

यावरून साखळीच नको असा अर्थ कोणी काढू नये. रस्त्यावरची वाहने, लहान मुले आणि तोरणमाळसारख्या ठिकाणी भोवतालचे जंगल यांचा विचार केला तर पाहुण्या कुत्र्याला साखळी हवीच. सोलापूरजवळ नान्नज येथील माळरानावर अबी वनक आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत, कुत्रा जवळ असताना खोकड अन्न कमी खातात असे आढळले होते. मोकळ्या कुत्र्याचा उपद्रव केवळ कुत्र्यांपुरता नसतो. साखळी राहू द्यावी. ती ओढून धरू नये, आणि तिच्यामुळे घडलेल्या वर्तनाला कुत्र्याचा स्वभाव म्हणू नये.

शिक्षकांना वर्गासाठी एक उपक्रम सुचवावासा वाटतो. विद्यार्थ्यांनी घराच्या खिडकीतून किंवा गच्चीवरून, कुत्र्यांच्या जवळ न जाता, दोन कुत्र्यांच्या वीस भेटींची नोंद करावी : दोघे मोकळे होते की कोणी बांधलेला, समोरून आले की वळसा घालून, शेपटी आणि कान कसे होते, शेवट कसा झाला. नोंदीत 'रागावला', 'दादागिरी केली' असे शब्द वापरायचे नाहीत. दिसले तेवढेच लिहायचे. मग आकडे मांडून चर्चा करावी. शेंकेल यांनी बाझलला जे पाहिले ते खरेच होते. त्यांचे लांडगे भांडतच होते. चूक झाली ती 'लांडगे असे वागतात' या वाक्यात, 'दोनशे चौरस मीटरच्या जागेत कोंडलेले' हे शब्द गळाले तेव्हा. निरीक्षणाबरोबर त्याची परिस्थिती लिहिण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर या उपक्रमाचे काम झाले. आणि त्यांच्यापैकी कोणाच्या घरी साखळीत भुंकणारा कुत्रा असेल, तर त्याचा मारही चुकेल.