आठ मिलिमीटरची पट्टी आणि आपल्या शॉर्टफिल्मचा 'लातूर पॅटर्न'

पीएचडीचा विषय सांगितला की नांदेडात पहिला प्रश्न ठरलेला : 'मग पिक्चर कधी काढायलास?' दुसरा प्रश्न त्याहून बरा असतो. 'प्रायोगिक म्हणजे ज्यातलं काहीच कळत नाही ते का?' पहिल्याचं उत्तर माझ्याकडं नाही. दुसऱ्यासाठी ही पोस्ट.

माझा अभ्यास छोट्या फॉरमॅटच्या सिनेमाचा आहे. म्हणजे थिएटरात चालणारी ३५ मिलिमीटरची फिल्म सोडून १६ मिमी, ८ मिमी, सुपर ८ आणि आता खिशातला मोबाइल. वाचायला सोपं जावं म्हणून एकाच जागेपासून सुरू करतो. मुंबईतला एक फ्लॅट, साल १९६९. चित्रकार अकबर पदमसी यांना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली होती. त्या पैशातून त्यांनी 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' सुरू केलं. कॅमेरा, एडिटिंगची सोय, डार्करूम, आणि वेगवेगळ्या कलांतली माणसं एका छताखाली. अॅनिमेशनवाले राम मोहन तिथं होते. जे.जे.तून नुकत्याच बाहेर पडलेल्या नलिनी मालानीही होत्या. वय तेवीस. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं आज असेल तेवढंच.

मालानींनी तिथं 'ड्रीम हाउसेस' केली. ८ मिमीवर, एकेक फ्रेम थांबवून घेतलेली रंगीत फिल्म. घरांचं छोटं मॉडेल आणि त्यावर बदलत जाणारा रंगीत उजेड. गोष्ट नाही, पात्र नाही. स्वातंत्र्यानंतरच्या नव्या शहराचं, सगळ्यांना घर मिळेल अशा नियोजनाचं स्वप्न त्या रंगांत आहे, पण ते कुणी बोलून दाखवत नाही. पुढं काही वर्षांनी त्यांनी १६ मिमीवर कृष्णधवल चित्रण केलं : एक तरुणी मुंबईकडं बघत उभी आहे. मग ही दोन्ही चित्रणं शेजारी-शेजारी चालवली आणि त्या जोडकामाला नाव दिलं 'युटोपिया'. (१९६९ ते ७६ असा त्याचा काळ सांगितला जातो.)

इथं जरा थांबू, कारण मुद्दा इथंच आहे. एका पडद्यावर स्वप्न, दुसऱ्यावर त्या स्वप्नाचं झालेलं शहर. दोन्हीच्या मध्ये वाक्य नाही. 'बघा, सरकारनं कसं फसवलं' असं कुणी म्हणत नाही. तुमचे डोळे डावीकडून उजवीकडं जातात, परत येतात आणि वाक्य तुमच्या डोक्यात तयार होतं. माझ्या मते प्रायोगिक सिनेमा म्हणजे एवढंच. कळत नाही असं त्यात काही नाही. कळायचं काम बघणाऱ्याकडं सोपवलेलं असतं.

आता आपल्याकडं येऊ. नांदेड-लातूरकडच्या कॉलेजातल्या शॉर्टफिल्म मी अभ्यासासाठी बघत असतो. मेहनत दिसते, पोरं-पोरी उन्हातान्हात शूट करतात, स्वतःचे पैसे घालतात. पण राव, दहातल्या सात फिल्म तोंडपाठ झाल्यासारख्या वाटतात. भेगाळलेली जमीन, वरून ड्रोन, बासरी, कर्जाचा कागद, झाडाला दोर, शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात संदेश. लातूर पॅटर्न म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको : अपेक्षित प्रश्न, सराव, अपेक्षित उत्तर. परीक्षेला तो चालतो, त्यानं खेड्यातली कितीतरी पोरं डॉक्टर झाली. सिनेमात मात्र तो पॅटर्न आला की बघणारा परीक्षक होऊन बसतो आणि तुम्ही गुणांसाठी दुःख लिहायला लागता.

विषय खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारी खरी आहे, २०१६ ला मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे खरी आहे. पण बाहेरचे कॅमेरे मराठवाड्यात येतात ते अशाच दिवशी. मग घरच्या कॅमेऱ्यानंही तेच दाखवायचं का? टँकर येईपर्यंतच्या तासाभरात गल्लीत काय काय होतं, घागरींची रांग माणसांशिवाय कशी दिसते, हे बाहेरच्याला दिसणार नाही. तुम्हाला दिसतं. पायल कपाडियांची 'अँड व्हॉट इज द समर सेयिंग' (२०१८) जमलं तर बघा. भीमाशंकरच्या बाजूचं गाव, मध काढणारी माणसं, आणि कुजबुजत्या मराठीत बोलणाऱ्या बायका. त्या गावाला 'समस्या' म्हणून दाखवलेलं नाही, म्हणूनच ते लक्षात राहतं.

छोट्या फॉरमॅटचा एक धडा यंत्रातच असतो. सुपर ८ ची एक कॅसेट ५० फुटांची. सेकंदाला १८ फ्रेमनं चालवली तर ३ मिनिटं २० सेकंदांत संपते. ३६०० फ्रेम, बास. डिलीट नाही. म्हणून बटण दाबायच्या आधी माणूस बघतो. मोबाइलवर आपण आधी शूट करतो आणि बघणं एडिटिंगवर ढकलतो. हे काही विलायती खूळ नाही बरं का. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याचा अंकुर थोडा-थोडा चित्रित करून त्याची वाढ पडद्यावर दाखवली होती. भांडवल देणाऱ्याला पटावं हा त्यातला व्यवहार. पण रोज तेच रोप तितक्याच धीरानं बघणं हा प्रयोगच होता.

पदमसींच्या स्वतःच्या दोन फिल्म. 'सिझिजी' आज बघायला मिळते : शेकडो रेखाटनांची कृष्णधवल मूकफिल्म, रेषा आणि बिंदू, अकरा मिनिटं. खरं सांगतो, पहिली चारेक मिनिटं भूमितीच्या तासाला बसल्यासारखं होतं. मग डोळा पुढच्या रेषेचा अंदाज बांधायला लागतो आणि तो चुकला की मजा येते. दुसरी, 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर', १६ मिमीवरची. तिची एकच प्रिंट होती. ती दिल्लीला प्रदर्शनासाठी गेली आणि हरवली. दुसरी प्रत कुठंच नाही.

आशिम अहलुवालियांनी २०१६ मध्ये त्याच नावाची फिल्म केली. उतारवयातले पदमसी आणि त्यांच्यासोबत हरवलेली फिल्म पुन्हा घडवायचा प्रयत्न. मला त्यातलं पुन्हा घडवलेलं चित्र तितकं भिडत नाही. ते देखणं आहे, पण ते आजचं आहे. भिडतं ते म्हाताऱ्या चित्रकाराचं आठवायला बसणं. त्या सहा मिनिटांबद्दल आता आपल्याला जे कळतं ते एका माणसाच्या आठवणीच्या पलीकडं फारसं जात नाही. पदमसी २०२० मध्ये गेले.

संशोधक म्हणून माझी खरी अडचण इथं सुरू होते. पन्नास वर्षांपूर्वीच्या मुंबईतल्या त्या फिल्मबद्दल निदान ती हरवली एवढी तरी नोंद आहे. नांदेड-लातूरच्या पोरांनी पाच वर्षांपूर्वी केलेल्या फिल्म मागायला गेलो की उत्तरं येतात ती अशी : फोन बदलला, हार्डडिस्क उडाली, चॅनलचा पासवर्ड मित्राकडं होता, तो पुण्याला गेला. कुणाकडं व्हॉट्सअॅपवर आलेली कॉपी सापडते. ती दाबून इतकी लहान झालेली असते की घागर आहे का माणूस तेच ओळखू येत नाही. आणि गंमत बघा, पॅटर्नमधल्या फिल्म स्पर्धांना गेल्यामुळं कुठं ना कुठं टिकतात. गायब होतात त्या वेगळ्या. ज्यात एखाद्या पोरीनं दोन मिनिटं नुसतं आजीच्या हातातलं जातं दाखवलंय, ती फिल्म 'ह्यात स्टोरी कुठंय' म्हणून कुठंच पाठवलेली नसते.

तर तुमच्याकडं अशी एखादी असेल, अर्धवट असली तरी चालेल, मूळ फाइल शोधा. एक प्रत तुमच्याकडं, एक दुसऱ्या गावात कुणाकडं तरी ठेवा. सोबत एका कागदावर तारीख, जागा, कॅमेरा आणि सोबत कोण होतं ते लिहा. आणि एक प्रत मला बघायला द्या. परीक्षक म्हणून बघणार नाही, एवढं नक्की.