ठोकळ्यांच्या बाहुल्यांचे बोलपट

हौशी माणसाच्या कृतीला आपल्याकडे कौतुक पुष्कळ मिळतें, परीक्षण फारसें मिळत नाहीं. सुटींत घरांतल्या मुलानें लेगोच्या ठोकळ्यांतील बाहुले टेबलावर मांडले, त्यांस केसभर हलवून एकामागून एक शेंकडों छायाचित्रें घेतलीं, आणि तीं भराभर दाखवून मिनिटभराचा बोलपट सिद्ध केला, म्हणजे आईबाप तो आल्यागेल्यास दाखवितात; पाहणारा 'केवढी ही चिकाटी!' म्हणून मान डोलावितो आणि विषय संपतो. ही स्तुति खोटी नव्हे. परंतु चिकाटी हा गुण मुलाचा झाला, चित्रपटाचा नव्हे. नऊशें छायाचित्रें काढूनहि बाहुला निर्जीवच राहिला असेल, तर तसें त्या मुलास कोणी तरी सांगावयास हवें. नाहीं तर पुढचा बोलपटहि तो तेच दोष घेऊन करणार, आणि दोन-तीन प्रयत्नांनंतर कंटाळून ठोकळे माळ्यावर टाकणार. म्हणून या कृतींकडे आम्ही येथें कौतुकाच्या नव्हे, टीकेच्या दृष्टीनें पाहत आहों.

हा प्रकार आजकालचा नाहीं. डेन्मार्कमध्यें, म्हणजे या ठोकळ्यांच्या माहेरींच, लार्स व हेन्रिक हासिंग यांनीं १९७३ सालीं चंद्रावरील प्रवासाचा सहा मिनिटांचा चित्रपट घरगुती कॅमेऱ्यानें घेतला. आज आपण ज्यास लेगोचा बाहुला म्हणून ओळखतों तो तेव्हां जन्मासहि आला नव्हता. तो १९७८ चा. ऑस्ट्रेलियांतील लिंडसे फ्ले यांनीं 'द मॅजिक पोर्टल' हा चित्रपट १९८५ ते १९८९ अशीं चार वर्षें खपून पुरा केला. थांबत थांबत चित्रें घेण्याचें मूळ तत्त्व तर याहूनहि जुनें. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं कुंडींत वाटाणा पेरून, रोज थोडथोडें चित्रण करून 'अंकुराची वाढ' दाखविली, हें मराठी वाचकांस ठाऊक आहेच. मात्र दोहोंत एक मोठा भेद आहे. अंकुराची हालचाल निसर्ग पुरवीत होता. फाळक्यांनीं ती धीरानें टिपली. ठोकळ्याचा बाहुला वर्षभर ठेवला तरी तिळभर हलणार नाहीं. त्याची प्रत्येक हालचाल कोणास तरी आधीं मनांत योजावी लागते, आणि हौशी निर्मात्याचें घोडें अडतें तें येथेंच.

या बाहुल्याचें शरीर पाहा. उंची सुमारें चार सेंटिमीटर. मान फिरते, हात खांद्यांतून वरखालीं होतात, पंजा मनगटांत फिरतो, पाय कमरेंतून पुढेंमागें जातात. संपलें. कोपर कायमचें मुडपलेलें, गुडघा नाहींच, आणि चेहरा छापलेला. अशा या ताठ गृहस्थाकडून आमचे हौशी निर्माते तलवारयुद्धें, मोटारींचे पाठलाग आणि अमेरिकन युद्धपटांतले स्फोट करवून घेऊं पाहतात. तें साधत नाहीं तेव्हां दोष साधनांचा ठरतो: कॅमेरा अधिक चांगला हवा, सेकंदास पंधराऐवजीं चोवीस चौकटी हव्या, संगणकावरच्या ज्वाळा हव्या. पंधरांच्या हिशेबानें एका मिनिटास ९०० छायाचित्रें लागतात. चोवीसांच्या हिशेबानें १४४०. श्रम वाढले, पण ज्या हालचालींत मुळांत विचार नव्हता, ती अधिक गुळगुळीत झाली एवढेंच.

या समजुतीस उत्तर धंदेवाईक चित्रपटानेंच देऊन ठेविलें आहे. २०१४ चा 'द लेगो मूव्ही' जवळजवळ सर्वस्वीं संगणकावर घडविलेला. तेथें बाहुल्यास गुडघे फुटावयास कांहींच अडचण नव्हती. तरीहि फिल लॉर्ड व क्रिस्टोफर मिलर या दिग्दर्शकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सांधे खऱ्या खेळण्यांत वळतात तेवढेच वळविले, हालचाल मुद्दाम किंचित् तुटक ठेविली, आणि प्लास्टिकवर ओरखडे व बोटांचे ठसेहि उमटविले. टेबलापाशीं बसलेला मुलगा जी मर्यादा लपवूं पाहतो, ती साधण्यासाठीं तेथें एवढें द्रव्य आणि एवढी यंत्रसामग्री खर्ची पडली!

मग सुधारणा कोठें करावी? आमच्या मतें पहिला धडा स्तब्धतेचा. नवशिक्याचे बाहुले सदा वळवळत असतात. बोलणारा हात हलवितो, ऐकणाराहि हलवितो, आणि कोणाकडे पाहावें तें प्रेक्षकास कळत नाहीं. दाराचा आवाज झाला. बाहुल्यानें नुसती मान वळविली. मग आठ-दहा चौकटी कांहींच घडलें नाहीं. मग तो सबंध वळला. त्या आठ-दहा चौकटींत निर्मात्यास करावयाचें कांहीं नसतें, पण बाहुला विचार करीत आहे हा भास नेमका तेथेंच उत्पन्न होतो. वेगाचेंहि भान हवें. हात उचलावयाचा तर तो प्रत्येक चौकटीस सारखाच उचलूं नये. आरंभीं थोडा, मध्यें भरपूर, शेवटीं पुन्हां थोडा. आणि उचलण्यापूर्वीं किंचित् उलट दिशेस न्यावा. सारख्या अंतरानें सरकणारा हात घड्याळाच्या कांट्यासारखा दिसतो. पेटी उचलणाऱ्या बाहुल्यास गुडघे वांकवितां येत नाहींत, पण कमरेंतून मागें झुकतां येतें. त्या झुकण्यानें रिकामी पेटीहि जड भासूं लागते. ठोकळ्यांवरील उंचवटे आठ-आठ मिलिमीटरांवर असतात; त्यांतच पाय रोवीत गेल्यास बाहुला चालत नाहीं, उड्या मारतो. त्यापेक्षां गुळगुळीत पट्टीवर, पायाखालीं चिकटण लावून त्यास चालविणें बरें.

प्रकाशाविषयीं फार लिहावयास नको. खिडकी झांकावी, कारण ढग आला-गेला कीं चित्र लुकलुकतें. आणि प्रकाशाचें, रंगाचें व फोकसचें माप कॅमेऱ्यास आपल्या मनानें बदलूं देऊं नये. चकचकीत प्लास्टिकमध्यें निर्मात्याच्या पांढऱ्या सदऱ्याचें प्रतिबिंबहि पडतें, तेव्हां काम करतांना गडद कपडे घालावे. मळखाऊ सदऱ्यास याहून सबळ कारण आम्हांस ठाऊक नाहीं.

आवाजाची मात्र दैना असते. चित्र आधीं तयार होतें आणि संवाद मागाहून त्यांत कोंबले जातात. संवाद आधीं मुद्रित केले, तर कोणता शब्द कितव्या चौकटीस येतो तें मोजतां येतें आणि मान नेमकी त्या शब्दावर हलवितां येते. मग तोंड उघडण्यामिटण्याची यातायात पुष्कळदां अनावश्यक ठरते. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांचे चेहरे लांकडाचे असतात. तरी त्या बोलतात याविषयीं प्रेक्षकास शंका येत नाहीं.

राहतां राहिलें कथानक. ज्याचें कोपर वळत नाहीं त्यास चहाचा पेला ओठांपर्यंत नेतां येत नाहीं. स्फोट आणि तलवारी बाजूस ठेवून एखाद्या मुलानें एवढाच विषय घ्यावा: सकाळची वेळ, समोर वाफाळणारा चहा, आणि तो पिण्यासाठीं एका ताठ गृहस्थानें केलेले नाना खटाटोप. मिनिटभर पुरेल इतका विनोद, आणि थोडी करुणाहि, त्या मुडपलेल्या हातांतच आहे.